पाठ टेकल्यावरची लढत: क्लोज्ड गार्डमधून आक्रमण शिकताना

सोलापुरात ब्राझिलियन जिउ-जित्सू ही जमिनीवरची झुंज शिकायला येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी कधीतरी तालमीची माती अंगाला लावून आलेले असतात, आणि क्लोज्ड गार्ड हा विषय पहिल्या दिवशी नेमका त्यांच्याच पचनी पडत नाही. कुस्तीत पाठ लागली की निकाल लागला. चीतपट झालेल्या मल्लाला त्यानंतर करण्यासारखे काही उरत नाही. क्लोज्ड गार्डमध्ये मात्र आपण आपणहून पाठ टेकतो, समोरच्याला दोन पायांच्या मध्ये घेतो, त्याच्या कमरेमागे घोट्यावर घोटा चढवून कडी घालतो आणि तेथूनच त्याच्यावर हल्ला चढवतो.

मागच्या उन्हाळ्यात भवानी पेठेकडचा एक विशीतला मुलगा आमच्याबरोबर सराव करू लागला. पट काढण्यात तो आम्हा सर्वांना भारी होता, पण पाठ मॅटला लागली रे लागली की तो चटका बसल्यासारखा उलटून पोटावर वळत असे. तालमीतली ही सवय कुस्तीत त्याला वाचवत आली होती. येथे मात्र तो पोटावर वळला की जोडीदार त्याच्या पाठीवर बसून गळ्याखाली हात घालत असे. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांनुसार पाठीचा ताबा मिळवण्याला 4 गुण आहेत आणि समोरच्याला उभ्याने खाली पाडण्याला 2, हे गणित त्याच्या अंगात मुरायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून तालमीतून येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो की पाठ टेकलेली चालेल, पाठ दिलेली चालणार नाही.

खालून लढण्याची ही कल्पना जपानी ज्युदोतून आली. मित्सुयो माएदा हे ज्युदोपटू 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचले, त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले, आणि कार्लोस यांचे धाकटे बंधू एलियो यांनी किरकोळ अंगाच्या माणसाला भारी माणसाखालून लढता यावे यावर विशेष भर दिला. ज्यांना हे सारे पोथीतले वाटते त्यांनी डिसेंबर 1994 मधील यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या चौथ्या स्पर्धेची अंतिम लढत आठवावी. एलियो यांचे चिरंजीव रॉइस ग्रेसी हे वजनाने कितीतरी भारी असलेल्या डॅन सेव्हर्न या पट्टीच्या कुस्तीगिराखाली बराच वेळ पाठीवर पडून होते, आणि सुमारे 16 मिनिटांनी त्यांनी खालूनच पायांचा ट्रँगल, म्हणजे पायांनी गळा आवळणारा डाव, लावून सेव्हर्न यांना हार मानायला लावली.

मॅटवर उतरण्यापूर्वी

नखे कापलेली असावीत. अंगठी, गळ्यातला गंडा, कानातली बाळी हे सर्व काढून ठेवावे. अंगावर गजकर्ण किंवा कसलीही खाज असेल तर बरे होईपर्यंत घरी राहावे. एवढे प्रत्येक ठिकाणी सांगितले जाते आणि नवे लोक ते ऐकतातही. जे ऐकत नाहीत ते टॅपविषयी. सांधा ताणला जाऊ लागला किंवा गळा आवळला जाऊ लागला की जोडीदाराच्या अंगावर दोन-तीन वेळा थापटावे, आणि हात अडकलेले असतील तर तोंडाने टॅप म्हणावे. त्या क्षणी समोरच्याने सोडलेच पाहिजे. मी स्वतः पहिल्या काही महिन्यांत आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटे ताणणाऱ्या पकडीत, अडकलो असताना, आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलापुढे काय हार मानायची म्हणून दात आवळून थांबलो. कोपरात बारीक कट् असा आवाज झाला आणि त्यानंतर दीड-दोन महिने जेवणाच्या ताटात कडक भाकरी मोडायलाही डावा हात घ्यावा लागत असे. त्या मुलाचा यात काही दोष नव्हता, त्याने हळूच लावले होते.

डाव लावणाऱ्यानेही सांध्यावरचा जोर सावकाश वाढवावा. कोपर आणि खांदा दुखायला लागून इजा होईपर्यंत फारसा अवधी नसतो, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते. म्हणून पहिले काही महिने जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय यांतले काहीही करू नये.

पाय कसे धरावेत

नवशिका क्लोज्ड गार्डमध्ये अंथरुणावर पडल्यासारखा सपाट पडतो, घोटे समोरच्याच्या माकडहाडाजवळ लोंबकळत ठेवतो आणि सगळी ताकद पायांची कडी आवळण्यात घालवतो. त्याने दोनच मिनिटांत मांड्या भरून येतात. घोटे कमरेच्या हाडांच्या वर, पाठीच्या खालच्या भागावर असावेत, गुडघे समोरच्याच्या बरगड्यांना दोन्हीकडून भिडलेले असावेत, आणि आपले ढुंगण जमिनीवर जड न ठेवता त्याच्या मांड्यांच्या जवळ, शक्य तर किंचित उचललेले असावे. आपल्या खांद्यांपैकी एक खांदा नेहमी जमिनीपासून सुटा राहील असे पाहावे; दोन्ही खांदे टेकले की कंबर फिरत नाही, आणि कंबर फिरली नाही की खालून एकही डाव लागत नाही.

कडी सतत आवळून धरण्याची गरज नाही. समोरचा मागे सरकू लागला की आवळावी, एरवी सैल सोडावी. आणि डाव लावायची वेळ येते तेव्हा ती उघडावीच लागते. ज्याला कडी उघडायची भीती वाटते तो क्लोज्ड गार्डमध्ये बसून राहतो, लढत नाही.

पहिली पायरी: वरच्याचा कणा मोडणे

माझ्या मते नवशिक्याने पहिले दोन आठवडे एकही आर्मबार, एकही ट्रँगल शिकू नये. फक्त वरच्याचा ताठ कणा मोडून त्याला आपल्या छातीवर आणणे आणि तेथे धरून ठेवणे एवढेच करावे. मोबाइलवर पाहिलेले पन्नास डाव घेऊन येणाऱ्यांना हे आवडत नाही. पण ताठ बसलेल्या माणसावर त्या पन्नासांतले फारच थोडे लागतात, आणि जे लागतात त्यांतला नवशिक्याच्या उपयोगाचा एक पुढे येईलच.

वरचा माणूस जाणता असेल तर तो गुडघ्यांवर बसून कणा सरळ आणि नजर वर ठेवतो, एका हाताने आपल्या गीच्या, म्हणजे सरावाच्या जाड सुती अंगरख्याच्या, दोन्ही कॉलर छातीवर एकत्र गोळा करून दाबतो, दुसरा हात आपल्या कमरेशी रोवतो आणि कोपर बरगड्यांना चिकटवतो. त्याची ही चौकट मोडायची तर आधी त्याचे हात उखडावे लागतात. त्यासाठी त्याच्या बाहीचे कापड मनगटाजवळ बाहेरून मुठीत गोळा करावे. बाहीच्या तोंडातून आत बोटे घालून धरू नये. महासंघाच्या नियमांत तो फाउल आहे आणि समोरच्याने हात पिळला तर आपलीच बोटे मुरगळतात. बाही धरल्यावर त्याचा हात सरळ आपल्याकडे ओढला तर तो जुमानत नाही, कारण कोपर त्याच्या मागे खांबासारखे उभे असते. कोपर आधी बाहेरच्या बाजूला वळवावे, म्हणजे खांब तिरका होतो आणि मग ओढ लागू पडते.

येथे हातांपेक्षा पायांचे काम मोठे आहे. बाही किंवा कॉलर धरून आपले दोन्ही गुडघे आपल्याच छातीकडे खेचावेत. कडी घातलेली असल्यामुळे त्याची कंबर पुढे येते आणि वरचा भाग आपोआप कोसळतो. हातांनी ओढणारा नवशिका तीन वेळा प्रयत्न करून दमतो. पायांनी ओढणारा दहा वेळा करू शकतो. वेळही साधावी लागते. वरचा माणूस आपली कडी उघडण्यासाठी हात हलवतो, वजन पुढे-मागे करतो. तो पुढे झुकत असतानाच्या क्षणी गुडघे ओढले तर निम्मे काम त्याचेच वजन करते.

खाली आला की लगेच हात त्याच्या डोक्यामागे न्यावा, मात्र मानेवर नव्हे, तर डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर. मानेवर हात ठेवला की तो कणा ताठ करून सहज उठतो. डोके धरले की तेवढ्याच ताकदीत त्याला उठता येत नाही. दुसऱ्या हाताने त्याचा एक दंड आपल्या काखेत घट्ट लपेटून घ्यावा. आता त्याचा गाल आपल्या छातीवर आहे आणि एक हात अडकलेला आहे. गळ्यात दोन्ही हात टाकून मानगूट आवळत पडून राहायचा मोह येथे प्रत्येकाला होतो. त्याने वरच्याची मान दुखते, हार मात्र होत नाही.

दुसरी पायरी: कोन

समोरच्याच्या अगदी नाकासमोर राहून खालून हल्ला करणे कठीण असते. कडी उघडून एक पाऊल त्याच्या नितंबाच्या हाडावर टेकवावे, त्यावर जोर देऊन आपली कंबर बाजूला सरकवावी आणि एवढे वळावे की आपल्याला त्याचे नाक न दिसता कान दिसेल. या सरकण्याच्या व्यायामाला सगळीकडे श्रिंप म्हणतात, म्हणजे कोळंबी. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आमच्या काही मुलांनी कोळंबी वाकडी होऊन मागे उडी मारताना कधी पाहिलेली नसते, त्यामुळे ही उपमा त्यांच्या काही कामाची नाही. कुशीवर वळावे, खालचा खांदा आणि पाऊल यांवर भार घ्यावा आणि ढुंगण मागे फेकावे, एवढे सांगितले की पुरते.

यापुढील सर्व वर्णन एकाच बाजूचे आहे. समोरासमोर असल्यामुळे त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला असतो, एवढे लक्षात ठेवून वाचावे, नाहीतर मॅटवर गोंधळ उडतो.

पहिली साखळी: तो ताठ बसला तर

कणा मोडण्याच्या धाकाने वरचा माणूस अनेकदा मागे रेलून बसतो. त्याला खाली ओढण्याची धडपड न करता आपणच त्याच्याकडे उठून बसावे. कडी उघडावी, डावा तळहात आपल्या मागे जमिनीवर रोवावा, उजवा हात त्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे नेऊन त्याचा दंड कोपराच्या वर घट्ट धरावा, आणि उजवी कंबर उचलून त्याच्या पोटावर आदळत डावीकडे वळावे. त्याचा उजवा हात अडकलेला असल्याने त्या बाजूला त्याला टेकू मिळत नाही, तो लवंडतो आणि आपण त्याच्या छातीवर बसलेले असतो. याला हिप बंप स्वीप म्हणतात. उलटवण्याचे 2 गुण आणि माउंटचे, म्हणजे छातीवर बसण्याचे, 4. मात्र मिळालेली जागा तीन सेकंद टिकवल्याशिवाय पंच गुण देत नाहीत. पाडल्याच्या आनंदात हात वर करणारी मुले मी स्पर्धेत पाहिली आहेत.

नवशिक्याची चूक बहुतेक वेळा एकच असते: तो छातीने ढकलतो. छातीने ढकलले तर दोघेही समोरासमोर बसून राहतात. कंबर उचलली गेली पाहिजे, म्हणजे रोवलेल्या तळहातावर आणि डाव्या पावलावर क्षणभर आपले सगळे वजन यायला हवे.

समोरचा सावध असेल तर पडू नये म्हणून तो उजवा हात सोडवून जमिनीवर टेकवतो. तसे झाले की स्वीपचा हट्ट लगेच सोडावा. तो टेकलेला हात म्हणजे आपल्यासमोर ठेवलेला किमुरा, म्हणजे खांदा पिळणारी पकड, आहे. डाव्या हाताने त्याचे उजवे मनगट पकडावे, खांद्यावरून गेलेला उजवा हात त्याच्या दंडाभोवती खालून घालून आपलेच डावे मनगट धरावे, कंबर थोडी बाहेर काढून कुशीवर यावे आणि पाठ टेकावी. त्याचे कोपर काटकोनात आणि आपल्या छातीला घट्ट चिकटलेले असावे, एक पाय त्याच्या पाठीवर ठेवावा म्हणजे तो पुढे कोलांटी घेऊन निसटणार नाही, आणि मग त्याचे मनगट त्याच्याच पाठीमागून डोक्याच्या दिशेने सावकाश फिरवावे. ताण खांद्यावर येतो. नुसते हात फिरवून हा डाव लागत नाही; आपले सगळे धड वळले पाहिजे.

ज्युदोत या पकडीला उदे-गारामी म्हणतात. किमुरा हे नाव ब्राझीलमध्ये पडले. 23 ऑक्टोबर 1951 रोजी रिओ दि जानेरोच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानच्या मासाहिको किमुरा यांनी याच पकडीत एलियो ग्रेसी यांचा हात मोडला. एलियो यांनी शेवटपर्यंत टॅप केले नाही, त्यांच्या बाजूच्या लोकांनी हार मान्य केली. ज्याने हरवले त्याचेच नाव पकडीला देण्याचा मोठेपणा मला आवडतो, टॅप न करण्याचा नाही.

तिसरी शक्यता अशी की आपण उठून बसताच तो डोके खाली घालून आपल्याला परत जमिनीवर रेटतो. डोके खाली आले म्हणजे मान मिळाली. खांद्यावर गेलेला उजवा हात त्याच्या मानेभोवती घालून मनगटाचे हाड त्याच्या हनुवटीखाली आणावे, डाव्या हाताने ते मनगट धरावे, पाठ टेकत कडी पुन्हा घालावी आणि छाती पुढे काढून थोडे कुशीवर वळावे. हा गिलोटिन झाला. हात आत जाण्याआधीच त्याने हनुवटी छातीला लावली असेल तर ओढाताण करत बसू नये, हात भरून येतात आणि तो आरामात बसतो. सोडून परत पहिल्या पायरीवर जावे.

मागे रेलला तर स्वीप, हात टेकला तर किमुरा, डोके घातले तर गिलोटिन. नवशिक्याने पहिली साखळी हीच शिकावी असे माझे ठाम मत आहे, कारण हिला लवचिक पाय लागत नाहीत आणि उठून बसण्याची ताकद तर बैठका मारणाऱ्याकडे आधीच असते.

दुसरी साखळी: तो छातीवर आला तर

कणा मोडला आणि वरचा खाली आला की गळा जवळ येतो. डाव्या हाताने त्याच्या गीची उजवी कॉलर ओढून मोकळी करावी आणि उजव्या हाताची चार बोटे आत, अंगठा बाहेर असा हात त्या कॉलरमध्ये खोलवर सरकवावा, इतका की बोटांची पेरे त्याच्या कानाखाली लागतील. पहिला हात उथळ गेला तर दुसऱ्या हाताने कितीही ओढले तरी उपयोग नसतो. दुसरा हात पलीकडच्या कॉलरमध्ये तेवढाच आत घालावा, मनगटे वळवावीत आणि कोपर बाहेर न फाकता आपल्याच बरगड्यांकडे ओढत त्याला छातीवर आणावे.

येथे कापडाची गोष्ट कळावी लागते, आणि ती सोलापूरकराला वेगळी सांगायला नको. भिजलेली चादर दोघांनी दोन टोकांना धरून पिळायला घेतली की आधी तिची ढील काढावी लागते. ढील राहिली तर कितीही पीळ द्या, पाणी निघत नाही. कॉलरचेही तसेच आहे. बहुतेक नवशिके ढिल्या कॉलरवर जोर लावतात, जोर कापडातच मुरतो आणि वरचा माणूस खाकरून पुन्हा सरळ बसतो. हात आत गेल्यावर आधी कापड ताठ करावे, मग मनगट वळवावे. रॉजर ग्रेसी यांनी जागतिक विजेतेपदे मिळवताना पहिल्या वर्गात शिकवला जाणारा हाच साधा कॉलरचा गळा भल्याभल्यांवर लावला, म्हणून याला नवशिक्यांचा डाव म्हणून टाकून देऊ नये.

गळ्यावर पहिला हात पडला की समोरचा घाबरून आपल्या छातीवर हात देऊन उठू पाहतो. तो सरळ झालेला उजवा हात म्हणजे आर्मबारचे आमंत्रण. डाव्या हाताने त्या हाताची बाही धरून तो आपल्या छातीवर आडवा ओढावा. डावे पाऊल त्याच्या उजव्या नितंबावर टेकवून जोर द्यावा आणि आपले डोके त्याच्या डाव्या गुडघ्याच्या दिशेने न्यावे, म्हणजे आपण त्याला आडवे होतो. उजवा पाय त्याच्या डाव्या काखेजवळ उंच चढवून पाठीवर दाबावा. मग डावा पाय त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकावा, गुडघे एकमेकांकडे आवळावेत, त्याचा अंगठा वर राहील असे मनगट छातीशी धरावे आणि कंबर हळूच उचलावी. कोपर आपल्या कमरेच्या पलीकडे राहिले पाहिजे. ते अलीकडे घसरले तर सांध्यावर ताण येतच नाही.

भवानी पेठेच्या त्या मुलाचा आर्मबार महिनाभर लागत नव्हता आणि कारण कोणाच्या लक्षात येत नव्हते. एके दिवशी मी बाजूला बसून पाहिले तेव्हा कळले की तो आडवा होण्याआधीच डोक्यावरून पाय टाकत होता. पाय डोक्यावर गेला खरा, पण कंबर समोरच राहिल्यामुळे वरच्याला कोपर खाली ओढून घ्यायला भरपूर जागा मिळत होती. त्याला पाय टाकण्याची मनाई करून केवळ पाऊल नितंबावर, डोके गुडघ्याकडे, एवढीच हालचाल दोनशे वेळा करायला लावली. दोनशे हा आकडा त्यानेच मोजला होता आणि चिडून मोजला होता. त्यानंतर पाय आपोआप योग्य वेळी जाऊ लागला.

वरचा माणूस आर्मबारमधून उजवे कोपर ओढून काढतो तेव्हा त्याचा डावा हात आपल्या पायांच्या मध्ये राहिलेला असतो आणि आपला डावा पाय त्याच्या मानेपाशी असतो. एक हात आत, एक हात बाहेर, ही ट्रँगलची मांडणी झाली. डावी नडगी त्याच्या मानेमागे आडवी बसवावी, डाव्या हाताने आपली नडगी धरून ती जागेवर ठेवावी, उजव्या गुडघ्याची खोबण डाव्या घोट्यावर चढवावी, त्याच्या कानाकडे पाहता येईल एवढे वळावे आणि गुडघे आवळत डोके खाली ओढावे. गळ्याची एक बाजू आपल्या मांडीने दाबली जाते आणि दुसरी त्याच्याच खांद्याने. गुडघ्याची खोबण घोट्यावर यावी, पायाच्या बोटांवर नव्हे. पाऊल मोडके-तोडके अडकवून जोर लावला तर दुखावणारा घोटा आपलाच असतो. आखूड आणि जाड मांड्यांच्या माणसाला हा डाव कमी साधतो हेही सांगून ठेवतो. मला स्वतःला तो अजून मनासारखा लागत नाही, आणि मी बहुतेक वेळा आर्मबारवरच परत जातो.

ट्रँगलमध्ये अडकलेला माणूस आपल्याला उचलून, गुडघे आपल्याच कानांपर्यंत दुमडून मानेवर वजन देऊ पाहतो. तसे झाले तर मानेवर भार सोसत डाव धरून ठेवू नये. खांद्यावर वळावे, नाहीतर सोडून द्यावे.

वरचा उभा राहिला तर

कमरेला कडी घालून लोंबकळत राहू नये. आपटण्यावर स्पर्धेत बंदी आहे आणि आपटणारा बाद होतो; पण मॅटखाली फरशी असते आणि ती नियम वाचत नाही. तो उभा राहून पाय समांतर ठेवत असेल तर कडी उघडून कंबर खाली सोडावी, दोन्ही हातांनी त्याच्या टाचा धरून गुडघ्यांनी त्याचे पोट मागे रेटावे. तो बसकण मारतो आणि आपण त्याच्यावर चढून बसायचे. एक पाय पुढे, एक मागे असा भक्कम उभा असेल तर हे लागत नाही. तेव्हा पाय त्याच्या नितंबांवर ठेवून ओपन गार्डमध्ये, म्हणजे कडीशिवायच्या गार्डमध्ये, जावे, आणि तो वेगळा विषय आहे.

सोलापूरच्या हवेत सराव

एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या हॉलमध्ये सकाळी आठनंतर उभेही राहवत नाही, म्हणून आम्ही साडेपाचला सुरू करून सातला थांबतो. जाड सुती गी एका सरावात पिळून निघते. नळाला पाणी रोज येत नसल्याने ती तशीच पिशवीत कोंबून ठेवण्याचा मोह होतो. तसे केले की दोन दिवसांत कुबट वास येतो आणि आठवड्यात कोणाच्या तरी मानेवर गजकर्ण उठते. निदान ती लगेच उन्हात टाकावी, आणि ऊन येथे भरपूर आहे.

घरी जोडीदार नसताना दोन जाड चादरी एका लोडाभोवती घट्ट गुंडाळून सुतळीने बांधाव्यात. हा पुतळा छातीवर घेऊन गुडघे ओढण्याचा, पाऊल टेकवून आडवे होण्याचा आणि नडगीवर खोबण बसवण्याचा सराव होतो. पकडीसाठी आपला नेहमीचा टर्किश टॉवेल आडव्या बारवरून टाकून दोन्ही टोके मुठीत धरावीत आणि लटकावे. सुरुवातीला वीस सेकंदही फार होतात.

मॅटवरचा क्रम मी असा ठेवतो. पहिले दोन आठवडे केवळ कणा मोडणे. वरच्याने ताठ राहायचे, खालच्याने पाडायचे, कडी उघडली की पुन्हा आरंभ. तिसरा आणि चौथा आठवडा हिप बंपची साखळी. आधी वरचा कोणता बचाव करणार हे सांगून, मग न सांगता. पाचव्या आठवड्यापासून कॉलर आणि आर्मबार, ट्रँगल सर्वांत शेवटी. सहाव्या आठवड्यात पाच मिनिटांची फेरी लावावी, कारण प्रौढ पांढऱ्या पट्ट्याची, म्हणजे नवशिक्याची, लढत तेवढीच असते. सुरुवात क्लोज्ड गार्डमधूनच व्हावी. खालच्याने उलटवले, टॅप घेतला किंवा वरच्याने कडी फोडून बाजू गाठली, की दोघांनी थांबावे, जागा बदलावी आणि पुन्हा पाठ टेकावी.